चुरीबाईंचं ‘सांगता येत नाही’

डॉ. इंदुमती चुरी यांना मी बारा वर्षं जवळजवळ रोज पाहिलं. त्या बारा वर्षांत त्यांनी कुणाचं तोंडभरून कौतुक केल्याचं मला आठवत नाही. माझं तर नाहीच. पालघर स्टेशनच्या पूर्वेला, एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत त्यांची लॅब होती. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब तेव्हाही गल्लोगल्ली होत्या. बाई ते करत नसत. त्यांच्याकडे फक्त माणसाच्या अंगातून कापून काढलेले तुकडे यायचे. गर्भाशयाचे, आतड्याचे, छातीतल्या गाठींचे, आणि कातडीवरचे तीळ, चामखिळी, काळे डाग. ते तुकडे मेणात बसवायचे, मेणाची वडी यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायची, काचेवर घेऊन रंगवायची, हे माझं काम. ती काच मायक्रोस्कोपखाली ठेवून हा कर्करोग आहे की नाही ते सांगायचं, हे बाईंचं.

म्हणजे, सांगता आलं तर.

मी मूळची मासवणची, लग्न होऊन उमरोळीला आलेली. टेक्निशियनचा कोर्स करून बोईसरच्या एका दवाखान्यात तीन वर्षं काढली आणि मग बाईंकडे मुलाखतीला गेले. त्यांनी माझे कागद पाहिले नाहीत. टेबलावरची एक बाटली माझ्यापुढे सरकवली. बाटलीत तुकडे टिकवायचं फॉर्मलिन, त्यात एक करडा तुकडा, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर फक्त ‘सविता’ एवढंच.

“काय आहे हे?”

मी बाटली उजेडात धरली, हलवून पाहिली. “मांसाचा तुकडा आहे. कुठला ते नाही सांगता येत.”

“उद्यापासून ये,” बाई म्हणाल्या. माझ्या आधी आलेल्या दोघींपैकी एकीने अपेंडिक्स सांगितलं होतं, दुसरीने छातीची गाठ. हे मला नंतर कळलं. तो तुकडा कुठला होता ते बाईंनाही माहीत नव्हतं. ती बाटली त्या दिवशीच परत गेली.

बाई केळव्याच्या. घरची नारळ-सुपारीची आणि पानवेलींची वाडी. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी कॉलेजात आयुष्यभर शिकवून निवृत्त झाल्या आणि परत आल्या. लग्न केलेलं नव्हतं. उंचीने लहान, केस बारीक कापलेले, सुती साडी घोट्याच्या वर आणि पायांत कॅनव्हासचे बूट. सकाळी एस.टी.तून उतरल्या की कंडक्टरपासून त्यांचा दिवस सुरू व्हायचा. कंडक्टरला हिशेब येत नाही, दुकानदाराला पाटी लिहिता येत नाही, वर्तमानपत्रवाल्याला मराठी येत नाही आणि संगीताला, म्हणजे मला, कात्रीसुद्धा धरता येत नाही, हे सगळं जिना चढेपर्यंत बोलून व्हायचं. वर आल्या की हात धुवायच्या, चष्मा पुसायच्या आणि मायक्रोस्कोपला डोळे लावायच्या. मग दोन-दोन तास एक शब्द नाही.

त्यांचा खरा राग डॉक्टरांवर. त्यातही फॉर्म अर्धवट भरणाऱ्यांवर. बोईसरला एका नर्सिंग होममध्ये डॉ. कर्णिक नावाचे सर्जन होते. हात चांगला, पण कागदाचा भयंकर कंटाळा. एकदा त्यांच्याकडून बाटली आली, फॉर्मवर लिहिलेलं, ‘काळा डाग. कॅन्सर?’ बास. बाटली घेऊन आलेला त्यांचा माणूस दारात उभा राहून म्हणाला, “मॅडम, साहब बोले हैं अर्जंट है.”

“साहब को बोलो नाणं उडवा, और अर्जंट होगा,” बाई म्हणाल्या आणि त्याच्यासमोरच फोन लावला.

“कर्णिक, हा डाग कुणाचा?”

“पेशंटचा, मॅडम.”

“पेशंट सहा वर्षांचा की साठ?”

“फॉर्मवर असेल ना.”

“फॉर्मवर तुमची सही आहे. ती सुरेख आहे. डाग पाठीवर होता की तळपायावर?”

“पण मॅडम, त्याने काय फरक पडतो? मायक्रोस्कोपखाली तेच दिसणार.”

“तेच दिसणार म्हणूनच विचारतेय,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला त्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता. त्यांच्या मायक्रोस्कोपला दोन माणसांना एकाच वेळी बघता येईल अशी सोय होती. त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. शिकवायचं म्हणून नव्हे. “काय कापतेस ते तरी बघ,” म्हणून.

“या तपकिरी पेशी बघ. रंग तयार करणाऱ्या. प्रत्येकाच्या कातडीत असतात. त्यांचा घोळका झाला की तीळ. वर मोठ्या असतात, खाली जाताना लहान लहान होत जातात, गप्प होतात. असं असलं की माणसाने घरी जावं. खाली जाऊनही मोठ्याच राहिल्या, तिथेही दोनाच्या चार होत राहिल्या, तर तो कर्करोग, आणि तोही वाईटातला. कळलं?”

“कळलं.”

“काही नाही कळलं. आता ही बघ. इथे काही पेशी वर चढतायत, कातडीच्या अगदी टोकाला. साठीच्या माणसाच्या पाठीवर हे दिसलं तर मी घाबरेन. तळपायावर असलं तर कमी घाबरेन, तिथे साध्या तिळातही त्या चढतात. आणि लहान मुलात तर निव्वळ निरुपद्रवी गाठही अशी दिसते की बघणाऱ्याने हातपाय कापायला काढावेत. पेशी त्याच. वय न सांगता, जागा न सांगता हे गाढव मला विचारतं, कॅन्सर आहे का.”

“मग आता काय लिहायचं?”

“लिहायचं की सांगता येत नाही. जागा सांग, वय सांग, मग बघते.”

‘सांगता येत नाही’ हे त्यांचे तीन शब्द पालघर-बोईसरच्या डॉक्टरांत चेष्टेचा विषय होते. बाई म्हाताऱ्या झाल्या, आता जमत नाही, असं कुणी म्हणायचं. कुणी म्हणायचं, घाबरतात. खरं म्हणजे शंभरातले पंच्याण्णव रिपोर्ट त्या सकाळी काच आली की दुपारी देऊन टाकत. उरलेल्या पाचांत त्या अडत, आणि त्या पाचांतले बहुतेक काळे डाग असत. इतर कर्करोगांत माणूस दोन काचा पाहून शहाणा होतो, यात दोन हजार पाहूनही होत नाही, असं त्या म्हणत. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांचा त्यांना राग नव्हता. माहीत असून खात्रीने बोलणाऱ्यांचा होता.

एकदा त्यांनी एक उद्योग केला. मुंबईत त्यांच्याच वयाचे एक प्राध्यापक होते. काळ्या डागांतले मोठे जाणकार, सभांमध्ये भाषणं वगैरे करणारे. बाईंनी एका अवघड डागाची काच त्यांना मत विचारायला पाठवली. उत्तर आलं, निश्चित कर्करोग. आठेक महिन्यांनी त्याच वडीची दुसरी काच, नंबर बदलून, पुन्हा त्यांनाच पाठवली. उत्तर आलं, निश्चित निरुपद्रवी. दोन्ही पत्रं बाईंनी माझ्यापुढे ठेवली.

“बघ. दोन्हीकडे ‘निश्चित’ आहे. माणूस एक वेळ चुकेल, शब्द चुकत नाही.”

“त्यांना कळवायचं का?”

“कशाला? ते म्हणतील दुसरी काच खराब कापली होती. म्हणजे तू.”

मला वाटलं होतं आता हे वर्षभर ऐकायला मिळणार. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला वेगळं काम सांगितलं. जुन्या काचांतून निवडून काही काढायच्या, त्यांवर नवे नंबर चिकटवायचे आणि महिन्यातून एकदा त्यांच्या रोजच्या ट्रेमध्ये त्यांना न सांगता मिसळायच्या. त्या जे उत्तर देतील ते जुन्या उत्तराशी ताडून पाहायचं आणि फरक पडला तर लगेच सांगायचं.

पहिल्या महिन्यातच एका काचेला फरक पडला. मी सांगितलं नाही. हिंमत झाली नाही. चार दिवसांनी त्यांनीच विचारलं, “या महिन्याच्या काचा घातल्यास ना?”

“घातल्या.”

“मग?”

“सगळं बरोबर आलं.”

त्यांनी जुनी फाइल माझ्या हातातून घेतली आणि पाच मिनिटांत ती काच शोधून काढली. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्या ओरडल्या नाहीत. नेहमीच्या आवाजापेक्षा हळू बोलल्या, त्याचीच मला भीती वाटली.

“तू माझ्यावर दया केलीस. ती माझ्यावर नाही करायची. या काचेवरच्या बाईवर करायची.”

त्यानंतर मी दर वेळी सांगत गेले. फरक पडला की त्या स्वतःला शिव्या देत. कंडक्टरला देत त्याहून वाईट.

याच सुमारास एका मोठ्या लॅबचा माणूस टाय लावून आला होता. बाईंनी काचा त्यांच्याकडे पाठवाव्यात, रिपोर्ट चोवीस तासांत मोबाइलवर, असं त्याचं म्हणणं. त्याने नमुना दाखवला. सुंदर छापलेला कागद, शेवटी दोन चौकोन. एक ‘कर्करोग आहे’, एक ‘नाही’.

“तिसरा चौकोन कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

“तिसरा कशाला, मॅडम?”

“माझ्यासाठी.”

तो हसला. त्याला विनोद वाटला. बाईंनी त्याला चहा पाजला नाही.

पण मी नुसतं हेच सांगत बसले तर चुरीबाई म्हणजे नेहमी बरोबर असणाऱ्या बाई, असं होईल. तशा त्या नव्हत्या, आणि ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

सफाळ्याला अनंत घरत नावाचे एक गृहस्थ होते. सायकल दुरुस्तीचं दुकान, चाळिशीचे. त्यांच्या पाठीवरचा तीळ खाजवून खाजवून रक्त यायला लागलं म्हणून काढला आणि आमच्याकडे आला. बाईंनी पाहिला, लिहिलं, साधा तीळ, खाजवल्यामुळे सुजलेला. तो रिपोर्ट देताना त्या अडल्याही नव्हत्या. दोन वर्षांनी त्याच घरतांच्या काखेतली गाठ आमच्याकडे आली. ती काच मी बाईंच्या पुढे ठेवली. त्यांनी पाहिली, काखेत तिळातल्याच तपकिरी पेशी पोचल्या होत्या, आणि जुनी काच मागितली.

ती त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, “वडी काढ. आणखी खोल काप.”

मी जुन्या वडीचे आणखी खोल थर कापले. तिसऱ्या थरात, अगदी तळाशी, दुभंगत असलेल्या दोन पेशी होत्या. पहिल्या काचेत त्या नव्हत्याच. मी तसं म्हटलं. पहिल्या काचेत नव्हतं तर कुणाला दिसणार?

“तेव्हाच खोल काप म्हणून सांगायचं कुणी होतं?” बाई म्हणाल्या. “तू?”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने त्या सफाळ्याला निघाल्या. मला म्हणाल्या, तू चल, मला घर सापडणार नाही. घर सापडणं अवघड नव्हतं, स्टेशनपासून सरळ रस्ता. घरत दारातच एका चाकाची हवा पाहत बसले होते. बायको आत. बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, “मी पालघरची डॉक्टर चुरी. दोन वर्षांपूर्वी तुमचा तीळ मी तपासला. साधा आहे म्हणून लिहिलं. तो साधा नव्हता. चूक माझी झाली.”

घरतांनी चाक खाली ठेवलं. मग म्हणाले, “आता काय करायचं?”

बाईंनी सांगितलं. कुठल्या हॉस्पिटलला जायचं, कुणाला भेटायचं, काय काय विचारायचं. एका कागदावर सगळं लिहूनच आणलं होतं. तेवढ्यात घरतांची बायको बाहेर आली. तिने आतून ऐकलं असावं.

“मग आता कशाला आलात?”

“हे सांगायला.”

“सांगून झालं ना?”

“झालं,” बाई म्हणाल्या, आणि आम्ही निघालो. परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. तिकीट तपासनिसाने दोनदा तिकीट मागितलं, त्यांना ऐकू आलं नाही. मीच दाखवलं. घरत पुढच्या गणपतीपर्यंत राहिले नाहीत.

त्यानंतर बाईंचे ‘सांगता येत नाही’ वाढले असतील असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. अशी चूक झाली की डॉक्टर लोक घाबरून प्रत्येक डागाला कर्करोग म्हणायला लागतात, म्हणजे आपल्यावर काही येत नाही. ते बाईंना जास्तच ओंगळ वाटायला लागलं. “एकाला सोडलं म्हणून दुसऱ्याला कापायचं, हे डॉक्टरचं काम नाही, खाटकाचं,” असं त्या म्हणत. मग म्हणत, “खाटकाला तरी आपण काय कापतोय ते माहीत असतं.”

आणि मग हेमलता तांडेल आली.

हेमलता सातपाटीची. नवरा बोटीवर, ती मासे विकायची. तिची मुलगी मानसी अकरा वर्षांची. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर एक काळसर लाल गाठ आली आणि दोन महिन्यांत वाटाण्याएवढी झाली. डॉ. कर्णिकांनी ती काढली. बाईंच्या लांबलचक रिपोर्टांना कंटाळून त्यांनी यावेळी ती मुंबईच्या एका लॅबला पाठवली. चोवीस तासांत उत्तर आलं, कर्करोग. कर्णिकांनी सांगितलं, बोट मुळापासून काढावं लागेल, काखेतल्या गाठीही. तारीखही ठरली. कुणीतरी हेमलताला म्हणालं, कापायच्या आधी पालघरच्या चुरीबाईंना दाखव. तिने मेणाची वडी मागून आणली आणि एका प्लॅस्टिकच्या डब्यात घालून आमच्याकडे आली. डब्याला बोंबलांचा वास होता. बाईंनी डबा उघडला आणि म्हणाल्या, “हे कशात आणलंय? तीन दिवसांनी या.”

ते तीन दिवस बाईंनी दुसरं काही केलं नाही. माझ्याकडून खोल खोल थर कापून घेतले. तपकिरी रंग धुऊन काढून पेशी उघड्या करून पाहिल्या. खास रंगासाठी काचा मुंबईला पाठवल्या. मला समोर बसवून दाखवलं. वर मोठ्या मोठ्या, विचित्र पेशी. काही वर चढणाऱ्या. एका बाजूला खाली जाताना त्या लहान होत होत्या, शहाण्यासारख्या. दुसऱ्या बाजूला होत नव्हत्या. आणि तळाशी दुभंगत असलेली एक पेशी. एकच.

“अकरा वर्षांची,” बाई म्हणाल्या. “बोटावर. अशी गाठ या वयात बहुतेक निरुपद्रवी असते. पण ही एक तिथे काय करतेय?”

हेमलता आली तेव्हा बाईंनी तिला खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं, “मला सांगता येत नाही.”

हेमलता बोलली ती बाईंच्या तोडीची.

“तीन दिवस बगितलं ना तुमी? चष्मा लावून?”

“बघितलं.”

“मग सांगता येत नाय तर खाली पाटी कशाला लावली? त्या मुंबईवाल्याला एका दिवसात कळलं. तुमाला तीन दिवसांत नाय कळत. आमी मासा हातात घेतला का सांगतो, ताजा हाय का शिळा.”

“आणि नाही कळलं तर?” बाईंनी विचारलं. “बाहेरून चांगला, पण काहीतरी बरोबर नाही असं वाटलं तर?”

“तर नाय विकत. घरीपन नाय खात.”

“मीही न कळलेलं विकत नाही,” बाई म्हणाल्या. “मुंबईवाल्याला कळलं नाही. त्याने लिहिलं फक्त.”

मानसी दाराशी उभी होती, बोटाला पट्टी. बाईंनी तिला पुढे बोलावलं, पट्टी उघडून बोट पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पट्टीसुद्धा नीट बांधता येत नाही यांना.” मग हेमलताकडे वळल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं. गाठीच्या जागेभोवती आणखी थोडी कातडी काढायची, बोट ठेवायचं. काखेला हात लावायचा नाही. मग दर तीन महिन्यांनी बोट आणि काख बघायची, वर्षानुवर्षं. जे काही आलं ते लगेच काढायचं. यात धोका आहे. बोट काढण्यातही धोका आहे, की नको असताना काढलं. कुठला धोका घ्यायचा ते आईबापांनी ठरवायचं.

“तुमची पोर असती तर?” हेमलताने विचारलं.

असले प्रश्न त्यांना मूर्खपणाचे वाटत, हे मला माहीत होतं. पण त्या हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत.

“बोट ठेवलं असतं,” त्या म्हणाल्या. “आणि रोज घाबरले असते.”

हेमलता मुलीला घेऊन गेली. दोन दिवसांनी नवऱ्याबरोबर आली. हेमलता म्हणाली, “ठेवायचं.”

बाईंचा रिपोर्ट दोन पानांचा झाला. काय दिसतं, काय दिसत नाही, कशामुळे भीती वाटते, कशामुळे वाटत नाही, सगळं. डॉ. कर्णिकांचा फोन आला.

“मॅडम, हा रिपोर्ट आहे की निबंध? मला एक ओळ पाहिजे. आहे की नाही?”

“मी येते,” बाई म्हणाल्या.

बोईसरच्या नर्सिंग होममध्ये त्या कधी गेल्या नव्हत्या. बाहेर कारखान्यांतल्या कामगारांची रांग होती, बाई रांगेला ओलांडून सरळ आत गेल्या. कर्णिक उठून उभे राहिले. ते म्हणाले, मॅडम, बोट काढून टाकू, म्हणजे चिंता मिटली.

“कुणाची?”

“सगळ्यांची.”

“तुमची मिटेल. ती पोर उद्या डाव्या हाताने लिहायला शिकेल, आणि तुम्हाला कधी कळणारही नाही की ती गाठ साधी होती. काढलेलं बोट परत येऊन सांगत नाही.”

“आणि उद्या काही झालं तर? माझ्यावर येईल.”

“माझ्यावर येईल,” बाई म्हणाल्या. “म्हणून दोन पानं लिहिलीत. माझी सही तुमच्याइतकी सुरेख नसली तरी वाचता येते.” मग कधी नव्हे ते आवाज खाली करून म्हणाल्या, “कर्णिक, सफाळ्याच्या माणसाचं मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. तरीही मी हे म्हणतेय.”

कर्णिकांनी तसंच केलं. जास्तीच्या काढलेल्या कातडीत काही सापडलं नाही. याचा अर्थ काही नाही, असं बाई म्हणाल्या.

मग सुरू झाल्या फेऱ्या. दर तीन महिन्यांनी हेमलता मानसीला घेऊन यायची. बोट बघणं हे खरं तर कर्णिकांचं काम, पण हेमलताचा बोईसरवरचा विश्वास उडाला होता. बाई पेशंट तपासत नसत, तरी या एका पोरीचं बोट खिडकीजवळ नेऊन उलटसुलट बघत, काख चाचपत. येताना हेमलता मासे आणायची. बाई पेशंटकडून काही घेत नसत, म्हणून ती न विचारता फॉर्मलिनच्या कपाटाशेजारी पिशवी ठेवून जायची. एकदा बाई म्हणाल्या, “हे सरंगे कालचे आहेत.”

“सकाळचे हायत.”

“डोळे बघा त्यांचे.”

“तुमी काचेत बगा, माशात नका बगू,” हेमलता म्हणाली. त्यांना असं उलट बोलणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही. बाईंना ते आवडायचं असं मला वाटतं, पण खात्री नाही.

पहिलं वर्ष गेलं. दुसरं गेलं. मग सहा महिन्यांनी यायला सांगितलं. पाचवं वर्ष सरता सरता बाईंचं जेवण कमी झालं. डबा अर्धा परत जायचा. कॅनव्हासचे बूट सैल झाले. मी विचारलं तर म्हणाल्या, “तू कातडी काप.” मग एका आठवड्यात मुंबईला भाचीकडे जाऊन आल्या. परत आल्या त्या पिशवीतून एक बाटली घेऊन. फॉर्मलिनमध्ये सुईने काढलेले दोन बारीक धागे. सोबत फॉर्म, त्यांच्या अक्षरात, एकही रकाना न सोडता भरलेला. नाव, वय, यकृत.

“तिकडे करणार होते. मी म्हटलं, माझ्याकडे माणूस आहे,” बाई म्हणाल्या.

बारा वर्षांत कौतुक म्हणून मिळालं ते हेच. मी त्या वड्या केल्या आणि कापल्या. थर चांगले आले. काच त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला, डोळे लावले. किती वेळ? एस.टी.ची पाटी वाचायला लागतो तेवढा.

“आयुष्यात इतकी सोपी काच मला कुणी पाठवली नव्हती,” त्या म्हणाल्या.

मी समोर बसून बघावं की नाही, मला कळेना. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. मी पाहिलं. मलासुद्धा कळलं.

“स्वतःच्या रिपोर्टवर स्वतः सही करायची नसते,” बाई म्हणाल्या. “त्या मुंबईच्या प्राध्यापकांना पाठव. या वेळी तरी त्यांचं चुकणार नाही.”

त्यानंतर त्या आणखी सहा-सात आठवडे आल्या. पिवळ्या पडलेल्या, जिना थांबत थांबत चढणाऱ्या. बोलणं कमी झालं नाही. त्या दिवसांतच एकदा हेमलता आणि मानसी आल्या. मानसी आता सोळा वर्षांची, आईपेक्षा उंच, कॉलेजला जाणारी. बाईंनी तिला खिडकीशी नेलं. तिचं बोट दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. व्रण पांढरा होता, साफ.

“पाच वर्षं झाली,” हेमलता म्हणाली. “आता तरी सांगा. साधी होती ना ती गाठ?”

“सांगता येत नाही.”

“मराल तरी सांगणार नाय तुमी,” हेमलता वैतागून म्हणाली. ती वैतागली की तसं बोलायचीच. तिला काही माहीत नव्हतं. मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले.

“नाही सांगणार,” बाई म्हणाल्या. “सहा महिन्यांनी ये, मानसी. संगीता काख बघेल, तिला शिकवलंय मी. बरं शिकलीय.”

त्या दोघी गेल्या. बाईंनी उरलेल्या चार काचा पाहिल्या, रिपोर्ट लिहिले, एकावर खोल काप म्हणून शेरा मारला आणि पिशवी घेऊन जिना उतरल्या. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाल्या. मी खिडकीतून पाहत होते. त्या रिक्षात बसल्या, वाकून रिक्षावाल्याला केळव्याची एस.टी. मिळेल का ते विचारलं. त्याने मागे न बघता ‘नक्की मिळणार’ म्हणून सांगून टाकलं. बाई पिशवी उचलून, दांडा धरून सावकाश उतरल्या, आणि मागच्या रिक्षाकडे गेल्या.